कपाशीवरील गुलाबी बोंडअळी : तिची जगण्याची हातोटी व आपली कामाची रीत

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला कीं धरमपेठेच्या पलीकडे फुटाळ्याच्या आसपासच्या डबक्यांतून बेडकांचा गलका सुरू होतो. कालपर्यंत जेथें तापलेल्या भुईखेरीज कांहीं दिसत नव्हतें, तेथें एका रात्रींत हे प्राणी आले कोठून, असें नवख्यास वाटतें. ते कोठूनहि आलेले नसतात. उन्हाळा लागतांच ओलसर मातींत खोल शिरून ते निपचित पडून राहिलेले असतात. अन्न नाहीं, हालचाल नाहीं, श्वासहि अगदीं मंद. पावसाची ओल खालवर पोंचली कीं ते वर येतात आणि थोडक्या दिवसांत अंडीं घालून आपला वंश पुढें चालवितात. चार महिन्यांच्या पाण्यावर बारा महिन्यांचा संसार कसा करावा, हें त्यांच्या शरीरानेंच ठरवून ठेवलेलें आहे.

प्राण्यांच्या ह्या हातोटीचें आपण कौतुक करितों, तें ती आपल्या आड येत नाहीं म्हणून. परंतु हीच हातोटी जेव्हां आपल्या शेतांतील किडीच्या अंगीं असते, तेव्हां ती शेतकऱ्याच्या पोटावर येते. विदर्भांतील कापूस पिकविणाऱ्या बंधूंस गुलाबी बोंडअळीनें गेल्या कांहीं वर्षांत जें शिकविलें, तें अशाच स्वरूपाचें आहे. ही अळी आपल्या परिस्थितीशीं कसें जुळवून घेते, हें नीट समजल्याखेरीज तिच्यावरचे उपाय कां फसतात व कोणते उपाय लागू पडतात, हें उमगणार नाहीं. म्हणून औषधांच्या नांवांची यादी देण्याऐवजीं आम्ही आज तिच्या स्वभावाचाच विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

जुळवून घेण्याचे तीन प्रकार

प्राणी परिस्थितीशीं जुळवून घेतात असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यांची गल्लत होऊं नये.

पहिला प्रकार पूर्वापार वंशांत उतरलेल्या गुणांचा. वर्धा व नागपूर जिल्ह्यांतील गवळाऊ जातीचे बैल पाहा. पांढरा रंग, हलका बांधा, चपळ चाल. आपल्याकडील वशिंडाच्या जनावरांच्या कातडींत घर्मग्रंथी पुष्कळ असतात, त्यांचें पांढरें अंग ऊन परतवून लावतें, आणि थोडक्या चाऱ्यावरहि तीं तग धरतात. थंड मुलखांतून आणलेली गाय वैशाखांत ज्या गोठ्यांत धापा टाकते, त्याच गोठ्यांत गवळाऊ गाय रवंथ करीत बसते. बेडकाची उन्हाळी झोंपहि ह्याच प्रकारांत मोडते.

दुसरा प्रकार संवयीचा. एकाच प्राण्याच्या हयातींत तो पाहून व अनुभवून शिकतो. रानडुकरांचा उपद्रव ज्यांस आहे, त्यांस हें सांगावयास नको. माणसाचा वावर जेथें अधिक, तेथें हीं जनावरें दिवसां झुडपांत दडून राहतात व रात्रीं शेतांत उतरतात. बुजगावणें दोन रात्रीं चालतें. तिसऱ्या रात्रीं तें हालत नाहीं हें त्यांस कळलेलें असतें. ही संवय रक्तांतून पुढें जात नाहीं. पिलें आईच्या मागें हिंडून ती शिकतात.

तिसरा प्रकार निवडीचा, आणि शेतकऱ्यास सर्वांत महाग पडणारा हाच. येथें कोणताहि एक प्राणी बदलत नाहीं. बदलते ती सबंध जात. समजा, एका जातीच्या दहा लक्ष अळ्यांत एखादीच अशी आहे कीं जिला एक ठरावीक विष बाधत नाहीं. तें विष सर्वत्र पसरलें म्हणजे बाकीच्या मरतात व ही एक उरते. पुढील पिढी उरलेल्यांचीच होते. दरवर्षीं तीच चाळणी लागत गेली कीं कांहीं वर्षांत चाळणींतून पडणाऱ्या अळ्याच शिल्लक राहात नाहींत. अळी विषाला “सरावते” असें आपण सहज बोलून जातों, पण तें बरोबर नव्हे. अळी सरावत नाहीं. न सरावणाऱ्या मरून जातात आणि मुळांतच निराळ्या असलेल्या तेवढ्या उरतात. निवड करणारा हात मात्र आपला असतो.

गुलाबी बोंडअळींत पहिला व तिसरा असे दोन प्रकार एकत्र आलेले आहेत. म्हणूनच ती इतकी चिवट झाली आहे.

शेत हेंहि एक रानच

प्राण्यांचें वसतिस्थान म्हटलें म्हणजे मेळघाटचें जंगल किंवा नवेगावचा तलाव डोळ्यांपुढें येतो. पण किडीच्या दृष्टीनें शेत हेंच रान. महाराष्ट्रांत कपाशीखालीं सुमारे ४० लक्ष हेक्टर जमीन असते; क्षेत्राच्या बाबतींत देशांत आपलें राज्य पहिलें आहे. एकाच झाडाचें एवढें अफाट रान निसर्गांत क्वचितच आढळेल. ज्या किडीस हें एकच झाड मानवतें, तिला यापेक्षां सुखाचें घर कोणतें?

गुलाबी बोंडअळी ही अशीच एका झाडाला वाहून घेतलेली कीड आहे. क्वचित् भेंडीवर किंवा कपाशीच्या इतर भाऊबंदांवर ती सांपडते, पण तिचा खरा संसार कपाशीवरच. शास्त्रज्ञांस तिची ओळख पटली तीहि आपल्याच देशांत. गुजरातेंतील भडोच येथून इंग्लंडांत पाठविलेल्या नमुन्यांवरून सॉण्डर्स नांवाच्या कीटकशास्त्रज्ञानें १८४३ सालीं तिचें वर्णन केलें. पुढें सरकी व कापूस यांच्या व्यापाराबरोबर ती इजिप्तांत गेली, १९११ च्या सुमारास मेक्सिकोंत पोंचली आणि १९१७ सालीं अमेरिकेंतील टेक्सासमध्यें आढळली. स्वतः फार दूर न उडणारा एक करडा पतंग सरकींत निजून समुद्र ओलांडतो, यावरून तिच्या झोंपेचें महत्त्व वाचकांच्या ध्यानीं येईल.

अळीचा जीवनक्रम

पतंग रात्रीं फिरतो. मादी कळ्यांवर, कोंवळ्या बोंडांवर व बोंडाखालच्या हिरव्या पाकळ्यांच्या आडोशाला बारीक अंडीं घालते. चार-पांच दिवसांत अळी बाहेर पडते व एखाद्या दिवसाच्या आंतच कळींत किंवा बोंडांत शिरते. शिरतांना पाडलेलें सुईच्या टोंकाएवढें छिद्र बोंड वाढतांना आपोआप बुजतें. वरून बोंड हिरवेंगार, टणक, निरोगी. आंत अळी सरकी खात बसलेली. फुलांत शिरलेली अळी पाकळ्या आंतून रेशमासारख्या धाग्यानें बांधून टाकते. असें फूल उमलत नाहीं व गुलाबाच्या अर्धवट कळीसारखें दिसतें. त्यासच आपल्याकडे डोमकळी म्हणतात.

दोन आठवड्यांच्या सुमारास अळी पूर्ण वाढते, अंगावर गुलाबी छटा येते, बोंडास गोल भोंक पाडून ती बाहेर येते किंवा आंतच कोश करिते, आणि आठवडा-दहा दिवसांनीं पुन्हां पतंग होतो. एका पिढीस साधारण एक महिना पुरतो. जुलै-ऑगस्टांत कळ्या लागल्यापासून पीक उभें असेपर्यंत अशा चार ते सहा पिढ्या होतात. सप्टेंबरांत बोटांवर मोजण्याइतक्या असलेल्या अळ्या नोव्हेंबर-डिसेंबरांत सगळें शेत व्यापतात, याचें कारण हें एकापाठोपाठ एक पिढ्यांचें गणित होय.

यावरून फवारणीचा मर्यादित उपयोगहि कळेल. औषध बोंडाच्या बाहेर पडतें, अळी आंत. अंड्यांतून निघून बोंडांत शिरेपर्यंतचा जो थोडा अवधि, तेवढाच काय तो तिचा उघड्यावरचा काळ. तो चुकला कीं औषधाचा पैसा मातींत गेला म्हणून समजावें.

सरकींतील झोंप

हिवाळ्याकडे दिवस लहान होऊं लागतात. नागपूरला जूनमध्यें दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो, तो डिसेंबरांत अकरा तासांच्याहि किंचित् खालीं येतो. दिवस आंखूड व रात्री थंड झाल्या कीं पूर्ण वाढलेल्या अळ्यांपैकीं कांहीं कोश करण्याचें थांबवितात. दोन सरक्या एकमेकींस धाग्यानें चिकटवून त्यांच्या मधल्या पोकळींत अळी अंगाभोंवतीं घट्ट अस्तर विणते व निजून राहते. अशा जोडसरक्या जिनिंगमध्यें काम करणाऱ्यांनीं पाहिलेल्या असतील. कांहीं अळ्या झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत, कांहीं पडलेल्या पाल्यापाचोळ्यांत, तर कांहीं जमिनीच्या भेगांत हा काळ काढतात. ही निद्रा महिनोन्‌महिने टिकते. प्रसंगीं वर्षाहूनहि अधिक काळ टिकल्याचें आढळलें आहे.

ह्या झोंपेंतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, सर्व अळ्या एकाच दिवशीं जाग्या होत नाहींत. कांहीं उन्हाळ्याच्या तोंडालाच पतंग होतात, कांहीं पावसाची ओल मिळाल्यावर, कांहीं त्याहूनहि उशिरां. एखाद्या वर्षीं पाऊस लांबला तरी सगळा वंश बुडूं नये, अशी ही तजवीज होय. दुसरी गोष्ट अशी कीं, ही संवय मुलखागणिक बदलते. जेथें थंडी कडक, तेथें झोंप गाढ; दक्षिणेकडील उष्ण प्रदेशांत जेथें कपाशी जवळजवळ वर्षभर सांपडते, तेथें झोंपेची गरज थोडी व झोंपहि थोडी. अन्न मिळत असेल तर अळी कशाला निजेल? आपल्याकडे फरदडीचें ओलीत मिळालें कीं नेमकें हेंच घडतें. कांहीं अळ्या निजतात, बाकीच्या हिरव्या बोंडांवर संसार चालू ठेवतात. म्हणजे पुढील हंगामासाठीं एकाच वेळीं दोन वाटांनीं बियाणें साठविलें जातें.

बीटीची कपाशी व तिसरी चाळणी

२००२ सालीं भारतांत बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नांवाचा एक सूक्ष्म जंतू मातींत असतो. त्याच्यापासून होणारें एक प्रथिन अळीच्या आंतड्यास घातक असतें. तें प्रथिन झाडानें स्वतःच तयार करावें अशी योजना ह्या कपाशींत केली. २००६ पासून असें दुसरें प्रथिन जोडून दोन विषांची कपाशी आली. ज्यांनीं १९८० व १९९० च्या दशकांत बोंडअळीसाठीं फवारणीवर फवारणी केली होती, त्यांस पहिलीं वर्षें सुखाचीं गेलीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. विष बोंडाच्या आंतच असल्यामुळें अळीच्या लपण्याचा डाव फसला होता.

परंतु ह्या विषाची क्रिया कुलूप-किल्लीसारखी आहे. प्रथिन अळीच्या आंतड्यांतील एका विशिष्ट घटकास चिकटलें तरच घात करितें. ज्या अळींत तो घटक जन्मतःच थोडा निराळा असतो, तिच्या आंतड्यांत किल्ली बसतच नाहीं. अशा अळ्या आरंभीं फार विरळ होत्या. त्या विरळच राहाव्यात म्हणून एक युक्ति सांगण्यांत आली होती. बीटीच्या शेताभोंवतीं साध्या कपाशीच्या पांच ओळी, किंवा एकंदर क्षेत्राच्या वीस टक्के साधी कपाशी, यांपैकीं जें अधिक तें लावावें. त्यासाठीं ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधें बियाणें दिलें जात असे.

ह्या ओळींचा हेतु पुष्कळांस कळला नाहीं, कारण तो कोणीं नीट समजावून सांगितलाहि नाहीं. त्या ओळी किडीस “खाऊ” घालण्यासाठीं नव्हत्या. विष न पचविणाऱ्या साध्या अळ्या तेथें जिवंत राहाव्यात, त्यांचे पतंग बीटीच्या शेतांतून वांचलेल्या एखाद-दुसऱ्या पतंगाशीं जुळावेत, आणि त्यांची संतति बीटी कपाशीवर मरावी, असा तो हिशेब होता. विष पचविण्याचा गुण बहुधा आई व बाप दोघांकडून आला तरच अळीस तारतो. एकाकडूनच आला तर तारत नाहीं. साध्या ओळी नसल्या कीं वांचलेला पतंग वांचलेल्यासच भेटतो, आणि संतति पूर्ण चिवट निपजते. बांधावर पांच ओळी “फुकट” घालविण्यापेक्षां तेथेंहि बीटी लावावी, असा विचार लक्षावधि शेतांत झाला. एका शेतापुरता तो फायद्याचा दिसे. सगळ्यांनीं मिळून केल्यावर तो सर्वांच्या तोट्याचा ठरला.

दुसरेंहि एक कारण आहे, व तें कमी लोकांस ठाऊक असतें. आपल्याकडे बीटी कपाशी बहुतेक संकरित वाणांत आली. संकराच्या झाडांत विषाचा गुण एकाच बाजूनें आलेला असतो. त्यामुळें त्याच्या बोंडांतील सरक्या एकसारख्या राहात नाहींत. दोन विषांच्या वाणांत, वंशशास्त्राच्या साध्या हिशेबानें, सोळा सरक्यांपैकीं सुमारे नऊंत दोन्ही विषें, तिहींत एक, तिहींत दुसरें, आणि एकींत कोणतेंच नाहीं, अशी वांटणी होते. पानें खाणाऱ्या किडीस ह्याचें सुखदुःख नाहीं. परंतु गुलाबी अळी सरकीच खाते. एकाच बोंडांत तिला कोठें पूर्ण विष, कोठें अर्धें, कोठें मुळींच नाहीं असा आहार मिळतो. थोडें विष पचवूं शकणाऱ्या अळ्या त्यांतून तरतात, आणि चाळणीचें काम जलद होतें.

परिणाम लौकरच दिसूं लागला. २०१० सालीं गुजरातेंतील कांहीं जिल्ह्यांत पहिल्या विषास ही अळी दाद देत नसल्याचें जाहीर झालें. पुढें चार-पांच वर्षांत गुजरातेंतच दोन विषांच्या कपाशीवरहि ती जगूं लागली. आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भ व मराठवाड्यांत हाताशीं आलेलीं बोंडें आंतून पोखरलेलीं निघालीं. कित्येकांनीं उभ्या पऱ्हाटींत नांगर घातला किंवा जनावरें सोडलीं. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या फवारण्या केवळ ह्या अळीसाठीं होत्या असें नव्हे. पण कीड हाताबाहेर गेली कीं शेतकरी काय करूं लागतो व त्याची किंमत कोण देतो, हें त्या घटनेनें दाखवून दिलें.

हिरव्या अळीची गोष्ट निराळी कां?

येथें वाचक विचारतील कीं, बीटी कपाशी मुख्यतः ज्या हिरव्या म्हणजे अमेरिकन बोंडअळीसाठीं आणली, ती अजून त्या मानानें आटोक्यांत कशी? ती तर अधिक खादाड. १९८७-८८ मध्यें आंध्रांत पायरेथ्रॉईड औषधांस न जुमानतां तिनें कपाशी फस्त केली होती, हें जुन्या लोकांस आठवत असेल. तेव्हां चिवट होण्याची शक्ति तिच्यांतहि आहे.

उत्तर तिच्या घरांत आहे. हिरवी अळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवर जगते. तुरींत व हरभऱ्यांत बीटीचें विष नाहीं. तेथें साध्या अळ्या कोट्यवधींनीं वाढतात व कपाशींतून वांचलेल्यांशीं मिसळतात. ज्या साध्या ओळी आपण लावल्या नाहींत, त्या हिरव्या अळीसाठीं तुरीच्या रूपानें आपोआप लावल्या गेल्या. गुलाबी अळीस मात्र कपाशीखेरीज दुसरें घर नाहीं. तिच्या सगळ्या रानांत एकच विष, एकच चाळणी. म्हणून एकाच औषधाखालीं, एकाच शेतांत, दोन अळ्यांचें नशीब निराळें झालें.

यांतून आम्हांस एक नियम दिसतो. ज्या प्राण्याचें घर एकच, तो त्या घराच्या बदलाशीं एक तर लौकर जुळवून घेतो, नाहीं तर नाहींसा होतो. गुलाबी अळीनें विषाशीं जुळवून घेतलें. पण तिचें घर एकच आहे, हेंच तिचें वर्महि आहे. घर कांहीं महिने मोडून ठेवलें, तर तिला जाण्यास जागा नाहीं.

इतरत्र काय घडलें?

अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत १९९६ सालीं बीटी कपाशी आली. तेथें शेतकऱ्यांनीं साध्या कपाशीचा राखीव भाग नेमानें लावला, आणि दहा वर्षें अळी शेतांत चिवट झाली नाहीं. हंगामानंतर पऱ्हाट्या ठरावीक मुदतींत नष्ट करण्याचीहि सक्ति होती. २००६ पासून तेथें नपुंसक केलेले पतंग विमानांतून मोठ्या संख्येनें सोडण्यांत आले, म्हणजे शेतांतील थोड्या उरलेल्या पतंगांस सोबतीच निष्फळ मिळावेत. अखेर २०१८ सालीं त्या देशांतील कापूसपट्ट्यांतून गुलाबी अळीचें उच्चाटन झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. कीड तीच, बीटीचें विष तेंच. फरक पडला तो शिस्तीचा, आणि सगळ्यांनीं एका वेळीं एकच गोष्ट केली त्याचा.

विमानांतून पतंग सोडणें आपल्या आवांक्यांतील नसेल. परंतु वेळेवर शेत मोकळें करणें हें प्रत्येकाच्या हातचें आहे.

अळीचें पंचांग मोडा

गुलाबी अळीचें सारें जीवन आपल्या वहिवाटीवर उभें आहे. आपण कपाशी लौकर लावतों, म्हणून उन्हाळ्यांत जागे झालेल्या पतंगांस कळ्या मिळतात. आपण फरदड घेतों, म्हणून हिवाळ्यांत अन्न मिळतें. आपण पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवतों, म्हणून निजण्यास जागा मिळते. म्हणून उपायहि वहिवाटींतूनच निघाला पाहिजे. नागपूर-वर्धा मार्गावरील केंद्रीय कापूस संशोधन संस्था, जी १९७६ सालीं स्थापन झाली, आणि अकोल्याचें कृषि विद्यापीठ ह्यांच्या शिफारशींचें सारहि हेंच आहे. तीं कामें महिन्यांच्या क्रमानें अशीं :

डिसेंबर-जानेवारी. — शेवटची वेंचणी आटोपून पीक डिसेंबरअखेर संपवावें. फार तर जानेवारीच्या आरंभीं. पीक संपल्यावर शेतांत शेळ्या-मेंढ्या व गुरें सोडावीं. उरलीं बोंडें तीं खाऊन टाकतात. पऱ्हाट्या मुळासकट उपटून यंत्रानें बारीक करून खतांत घालाव्या. सरपणासाठीं बांधावर ढीग रचून ठेवणें म्हणजे अळीस घर बांधून देणें होय.

फेब्रुवारी ते मे. — जमीन खोल नांगरून उन्हांत तापूं द्यावी. किडका कापूस व सरकी घरांत साठवून ठेवूं नये. जिनिंगच्या आवारांत व कापसाच्या गंजीजवळ कामगंध सांपळे लावावेत; सरकींतून निघालेले पतंग तेथेंच अडकतात.

जून. — मृगापूर्वीं, एप्रिल-मेमध्यें, ओलितावर कपाशी लावूं नये. पेरणी जूनमध्यें पुरेशा पावसावर करावी. याचें मर्म असें कीं, पतंग जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. तो मे-जूनमध्यें निघाला आणि शेतांत कळीच नसली, तर त्याची अंडीं वायां जातात. कीड मारण्याचा हा बिनखर्ची मार्ग आहे. त्यांत आपणांस फक्त थांबावयाचें असतें. दीडशें-एकशें साठ दिवसांत येणारे वाण घ्यावेत, आणि शक्य तेथें कपाशीनंतर कपाशी न घेतां ज्वारी, सोयाबीन किंवा तुरीचा फेरपालट करावा. साधें बियाणें वेगळें मिळालें तर तें लावावें. पाकिटांतच मिसळून आलें असेल तर तें निवडून काढूं नये.

जुलै ते सप्टेंबर. — पेरणीपासून पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास हेक्टरीं पांच कामगंध सांपळे लावावेत. मादीच्या वासासारखा वास असलेल्या ल्यूरकडे नर येतात. सलग तीन रात्रीं प्रत्येक सांपळ्यांत आठ किंवा अधिक पतंग सांपडले, तर धोक्याची वेळ आली असें समजावें. ल्यूर ठरावीक मुदतीनें बदलावी; जुनी ल्यूर टांगून ठेवणें म्हणजे विझलेला कंदील टांगणें. डोमकळ्या दिसतांच तोडून नष्ट कराव्या. आरंभीं पांच टक्के निंबोळी अर्क वापरावा. अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामासारख्या बारीक गांधीलमाश्या सोडण्याची सोय असल्यास ती करावी, व त्या काळांत जहाल फवारणी टाळावी.

ऑक्टोबर-नोव्हेंबर. — बाहेरून बोंड पाहून समाधान मानूं नये. दर आठवड्यास एकरीं वीस हिरवीं बोंडें शेतांत फिरून ठिकठिकाणांहून तोडावीं व फोडून पाहावीं. वीसांपैकीं दोहोंत अळी आढळली तरच फवारणीचा विचार करावा, तोहि कृषि अधिकाऱ्याच्या सल्ल्यानें. दोन-तीन औषधें आपल्या मनानें मिसळूं नयेत. तोंडाला फडकें, हातमोजे व अंगभर कपडे घातल्याखेरीज, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करून, कोणाहि मजुरास फवारावयास लावूं नये.

फरदडीचा मोह

ह्या सर्वांत कठीण गोष्ट कोणती, हें आम्ही जाणून आहों. विहिरीस पाणी आहे, झाड हिरवें आहे, बाजार तेजींत आहे. अशा वेळीं जानेवारींत पऱ्हाटी उपटावयास हात धजत नाहीं. दोन-तीन क्विंटल कापूस आणखी निघेल, त्यांत पोराच्या शाळेचा खर्च भागेल, असा विचार करणाऱ्यास लोभी म्हणणें अन्यायाचें होईल. कर्जाचा हप्ता दारीं उभा असतां पुढील वर्षाची गोष्ट दूरची वाटते.

परंतु हिशेब पुरा मांडावा. फरदडीचा कापूस किडका व पिवळट असल्यानें त्याला भाव उतरून मिळतो. त्यावर पाणी, वेंचणीची मजुरी व बहुधा आणखी एक-दोन फवारण्या खर्ची पडतात. आणि त्या फरदडींतून उडालेले पतंग पुढील हंगामांत आपल्याच काय, शेजाऱ्याच्याहि पहिल्या बोंडांवर बसतात. ज्याला ओलीत आहे त्यानें त्याच जमिनींत उशिराचा गहू किंवा उन्हाळी भुईमूग घेतला, तर रान मोकळें होतें व हातींहि कांहीं येतें. ज्याला ओलीत नाहीं त्याच्या फरदडींत तसेंहि फार कांहीं उरत नाहीं.

शिवाय पतंगास बांध कळत नाहीं. गांवांतील नव्वद शेतकऱ्यांनीं शेतें साफ केलीं आणि दहांनीं फरदड ठेवली, तर त्या दहांच्या शेतांतून नव्वदांचें नुकसान निघूं शकतें. म्हणून हें काम एकट्यादुकट्याचें नाहीं. ग्रामपंचायतींनीं व सहकारी सोसायट्यांनीं पीक संपविण्याची एक तारीख गांवासाठीं ठरवावी, पऱ्हाटी बारीक करण्याचें यंत्र सामाईक भाड्यानें आणावें, आणि ज्या लहान शेतकऱ्यास दोन क्विंटलांची तूट खरोखरच सोसणार नाहीं, त्याला रब्बीच्या बियाण्याची मदत करावी. शिस्त केवळ उपदेशानें येत नाहीं. तिला थोडा आधार द्यावा लागतो.

नवीन विषाची कपाशी येईल, नवीन औषध येईल, असें नेहमींच बोललें जातें. यावें, आम्ही त्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु तें आल्यावरहि चाळणीचा नियम बदलणार नाहीं. जें हत्यार सर्वत्र, सदासर्वकाळ व एकट्यानें वापरलें जातें, त्याच्याशीं जुळवून घेणारी अळी कधीं ना कधीं निपजतेच. कळीवांचून वंश वाढविण्याची व बोंडावांचून पोट भरण्याची युक्ति मात्र गुलाबी अळीस आजवर साधलेली नाहीं. फेब्रुवारीपासून जूनच्या पावसापर्यंत गांवच्या शिवारांत एकहि हिरवें बोंड उभें राहूं न देणें, हें आपल्या हातांतील सर्वांत स्वस्त व सर्वांत टिकाऊ औषध होय. यंदाच्या डिसेंबरांत आपल्या गांवच्या सभेंत हा विषय प्रत्येक वाचकानें काढावा, एवढी आमची त्यांस विनंति आहे.